आरोपी खेळाडू असला की पोलीस ठाण्यात काय बदलतं?

विचारलेला प्रश्न असा: "पैलवान सुशीलकुमारला तुरुंगातून नेताना पोलीस त्याच्याबरोबर हसत फोटो काढतात. माणूस मेला तरी क्रिकेटपटू सिद्धूला हजार रुपये दंड. क्रिकेटपटू श्रीशांत तर सुटलाच. खेळाडूंना कायदा वेगळा लागतो का? तुम्ही मुंबईत इतकी वर्षं फौजदारी वकिली करताय, तुमचा अनुभव काय?"

सत्तावीस वर्षं झाली. सुरुवात किल्ला कोर्टात केली. तिथून रस्ता ओलांडला की आझाद मैदान, त्यामुळे खेळाडू आणि आरोपी दोघंही रोज नजरेसमोर असायचे, कधीकधी एकच माणूस. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असंच आहे, खेळाडूंना वेगळी वागणूक मिळते. पण लोक ती जिथे शोधतात, म्हणजे निकालात, तिथे ती फारशी सापडत नाही. ती सापडते पहिल्या दोन दिवसांत, कुठला कागद आधी लिहिला गेला त्यात.

आधी थोडा गैरसमजांचा केर काढतो. डिसेंबर २०२० मध्ये विमानतळाजवळच्या एका क्लबवर मुंबई पोलिसांनी छापा घातला, कोविडच्या वेळेचे निर्बंध मोडल्याबद्दल ३४ जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात सुरेश रैना होता. रैनाला लगेच जामीन मिळाला आणि 'सेलिब्रिटी आहे म्हणून' असं सगळीकडे सुरू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये विनोद कांबळीने दारू पिऊन स्वतःच्याच सोसायटीच्या गेटवर गाडी घातल्याचा गुन्हा वांद्र्यात दाखल झाला, त्यालाही अटक करून लगेच जामिनावर सोडलं. तीच ओरड. अहो, ही सगळी कलमं जामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, साहेबांची मेहेरबानी नसते. तुमच्या चाळीतला रिक्षावाला त्याच कलमांखाली आत गेला तर त्यालाही ठाण्यातूनच सोडावं लागतं. त्याला तासभर जास्त बसवून ठेवतील, चहा पाजणार नाहीत, हे खरं.

अंकित चव्हाणचंही तेच. मे २०१३ मध्ये आयपीएलच्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात दिल्ली पोलिसांनी त्याला, श्रीशांतला आणि अजित चंडिलाला पकडलं. चव्हाणचं लग्न २ जूनला ठरलेलं होतं. कोर्टाने त्यासाठी काही दिवसांचा अंतरिम जामीन दिला. लग्नासाठी जामीन, म्हणून लोक हसले. मी स्वतः धारावीतल्या, मानखुर्दच्या पोरांना लग्नासाठी, बहिणीच्या लग्नासाठी, आईच्या तेराव्यासाठी असे जामीन मिळवून दिले आहेत. पत्रिका जोडायची, हॉलची पावती जोडायची, सरकारी वकील 'आरोपी पळून जाईल' म्हणतात, न्यायाधीश पत्रिका उलटसुलट करून बघतात आणि चार दिवस देतात. त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

आता फरक कुठे पडतो ते सांगतो. दोन पक्षकार, दोन्ही माझेच, साधारण एकाच वर्षातले. नावं आणि ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

पहिला लालबागचा कबड्डीपटू. चढाईला गेला की पटांगण उभं राहायचं. खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी लागलेली, घरातली पहिली. एका स्पर्धेत उपांत्य सामन्यानंतर दोन्ही संघांचे समर्थक भिडले, खुर्च्या उडाल्या, समोरच्या एकाचं डोकं फुटलं. रात्री अकराला ठाण्यात जबाब लिहिताना फिर्यादी म्हणाला, लोखंडी सळी होती. झालं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२६. घातक हत्याराने गंभीर दुखापत, अजामीनपात्र. तोवर जखमीला टाके घालून झाले होते, पण डॉक्टरांचं सर्टिफिकेट यायचं होतं. पोराला अटक झाली शुक्रवारी रात्री. शनिवारी सुट्टीच्या कोर्टात हजर केलं, दोन दिवस पीसी, म्हणजे पोलीस कोठडी. सोमवारी एमसी, म्हणजे न्यायालयीन कोठडी. जामिनाचा अर्ज टाकला, सरकारी वकिलांचं म्हणणं यायला मंगळवार उजाडला. जामीन झाला बुधवारी, आणि जामीनदाराची कागदपत्रं पूर्ण व्हायला गुरुवारची दुपार. मंगळवारीच सर्टिफिकेट आलं होतं: साधी दुखापत. सळी पंचनाम्यात कधी सापडलीच नाही.

आता सरकारी नोकरीचा नियम बघा. कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित समजला जातो. आरोप खरा की खोटा, हा प्रश्नच येत नाही. घड्याळ बघायचं, बस. शुक्रवार रात्र ते गुरुवार दुपार. त्या पोराचं करिअर खटल्याने संपवलं नाही, खटल्यातून तो पुढे निर्दोष सुटला. सर्टिफिकेटच्या आधी लिहिलेल्या एका कलमाने ते संपवलं. निलंबित माणसाला खात्याच्या संघात कोण घेणार? चोविसाव्या वर्षी तीन हंगाम घरी बसला की कबड्डीपटूचे गुडघे परत येत नाहीत.

दुसरा पक्षकार क्रिकेटपटू. भारतीय संघात नव्हता, पण टीव्हीवर दिसणारा. पबच्या बाहेर धक्काबुक्की, समोरच्याचा ओठ फुटला. मला फोन आला रात्री साडेबाराला, आणि मी उपनगरातल्या त्या ठाण्यात पोचलो तेव्हा माझ्याआधी दोन वकील आणि संघाचा व्यवस्थापक येऊन बसले होते. वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये एसी चालू, आरोपीसमोर चहा. ठाणे अंमलदाराने मोबाइलवर आपल्या मुलाला उठवून व्हिडिओ कॉल लावला होता. पोरगं डोळे चोळत म्हणत होतं, "बाबा, खरंच तो आहे?" हे सगळं तुम्हाला अपेक्षितच असेल. मला लक्षात राहिलं ते पुढचं. निरीक्षक शांतपणे म्हणाले, "आधी मेडिकल येऊ द्या, मग बघू कुठलं कलम लागतं ते." पहाटे चारला सर्टिफिकेट आलं, साधी दुखापत. साध्या मारहाणीचं कलम ३२३ अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असं, म्हणून नोंद झाली फक्त एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची. साडेचारला आम्ही बाहेर.

यात बेकायदा काही झालं का? मी बराच विचार केला आहे यावर. सर्टिफिकेट खरं होतं, जखम खरंच साधी होती. निरीक्षकांनी जे केलं तेच करायला हवं होतं. अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा सरसकटचा रिवाज नको, अटक का हवी ते लेखी कारणांनिशी दाखवा, नाहीतर नोटीस देऊन बोलवा. म्हणजे क्रिकेटपटूला त्या रात्री मिळालं ते प्रत्येकाला मिळायला हवं असं पुस्तकात लिहिलेलं आहे. कबड्डीपटूला मिळाली ती रोजची वागणूक. म्हणून 'खास वागणूक' म्हटलं की मी जरा अडखळतो. बहुतेक वेळा नामवंताला कायद्याबाहेरचं काही मिळत नाही, छापलेला कायदा जसाच्या तसा मिळतो. बाकीच्यांना तो मिळायला वर्षं लागतात.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याची प्रकरणं घ्या. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. रक्तातलं मद्य तासागणिक उतरत जातं, म्हणून मोटार वाहन कायद्यात अटकेनंतर दोन तासांच्या आत तपासणीची तरतूद आहे. नमुना उशिरा गेला की खटल्यातली निम्मी हवा तिथेच जाते. आणि उशीर करायला कुणी लाच द्यावीच लागते असं नाही. 'साहेब, जरा त्यांच्या घरचे येऊ द्या' एवढं पुरतं. असली सवलत मात्र उघड गैर आहे, आणि ती खेळाडूलाच मिळते असं नाही, बिल्डरच्या पोरालाही मिळते.

शिवाय वरच्या कोर्टापर्यंत किती वेगाने पोचता, हाही भाग आहे. खेळाडूचं नाही, नटाचं उदाहरण देतो, कारण ते आमच्या डोळ्यांसमोर घडलं. ६ मे २०१५ ला मुंबई सत्र न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच संध्याकाळी उच्च न्यायालयाने दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला. निकालाची पूर्ण प्रत हातात नाही, हे कारण. कारण कायद्याला धरूनच होतं. या दोन्ही कोर्टांच्या मध्ये फक्त विद्यापीठाची इमारत आहे. पण त्याच दिवशी शिक्षा झालेला दुसरा कुणी ते अंतर संध्याकाळपर्यंत पार करू शकला असता का? तयार अर्ज, तयार ज्येष्ठ वकील, फोनवर लगेच येणारी माणसं. हे सगळं पैशाचं आहे, खेळाचं नाही. पैसा असलेला खेळाडू म्हणजे आपल्याकडे मुख्यतः क्रिकेटपटू.

आता तुमच्या सिद्धूकडे येतो, कारण ते प्रकरण लोक अर्धवट सांगतात. २७ डिसेंबर १९८८, पटियाळा, रस्त्यावरचा वाद, ६५ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू. खालच्या कोर्टाने १९९९ मध्ये निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षं दिली. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, म्हणजे अमृतसरची पोटनिवडणूक लढवायचा मार्ग मोकळा झाला. शिक्षेला स्थगिती रोज मिळते, दोषसिद्धीला क्वचित. खास वागणूक शोधायची तर इथे शोधा, पण तो लाभ राजकारणी सिद्धूला मिळाला, सलामीवीर सिद्धूला नव्हे. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३२३ खाली फक्त हजार रुपये दंड केला. लोकांच्या लक्षात इथपर्यंतच राहतं. पुनर्विचार याचिकेवर १९ मे २०२२ ला त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी दिली, त्या कलमातली कमाल शिक्षा. आणि कारण काय दिलं? मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अत्यंत धडधाकट माणूस मारतो तेव्हा त्याचा हात हेच हत्यार ठरू शकतं. तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू होता, आपल्या फटक्याचा जोर त्याला ठाऊक असायला हवा होता. म्हणजे चौतीस वर्षांनी का होईना, खेळाडू असणं शिक्षा वाढवायला कारण ठरलं. बचावाचे वकील वर्षानुवर्षं 'माझ्या अशिलाने देशाचं नाव उज्ज्वल केलं' हे पालुपद लावतात, मीही लावलं आहे. त्या निकालानंतर मी ते जरा जपून लावतो.

सुशीलकुमारचंही असंच. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये तरुण पैलवानाला मारहाण झाली, तो दगावला. सुशील फरारी झाला, त्याच्यावर एक लाखाचं बक्षीस लागलं, २३ मे रोजी पकडला गेला. महिन्याभराने त्याला एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवताना पोलिसांनी काढलेले ते फोटो सगळ्यांनी पाहिले, आणि ते लाजिरवाणेच होते. पण त्याच महिन्यात तुरुंगात खास आहार आणि प्रोटीन मिळावं हा त्याचा अर्ज कोर्टाने फेटाळला, हे किती जणांना ठाऊक आहे? नंतर कुस्तीच्या बातम्या बघायला टीव्ही मात्र मिळाला, वॉर्डातल्या सगळ्यांसाठी. साडेतीन वर्षांहून जास्त काळ आत काढल्यावर मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एवढा नावाजलेला ऑलिंपिकपटू साक्षीदारांवर दबाव आणू शकणार नाही असं म्हणता येत नाही, हा त्यातला एक मुद्दा. फोटो काढणारा शिपाई आणि जामीन रद्द करणारं न्यायालय, दोघांनाही तो 'ऑलिंपिकवाला सुशील'च दिसत होता.

प्रसिद्धीची ही दुसरी धार वकिलांना नेहमी टोचते. श्रीशांत वगैरेंना मकोका लावला होता. आमच्या महाराष्ट्राने १९९९ मध्ये टोळीयुद्धवाल्यांसाठी केलेला कायदा, दिल्लीने उचललेला, आणि तो लागला ओव्हरमध्ये किती धावा द्यायच्या याच्या सौद्याला! मकोकात जामीन म्हणजे दगडातून पाणी काढणं. तरी श्रीशांतला जून २०१३ मध्ये जामीन मिळाला आणि जुलै २०१५ मध्ये कोर्टाने सगळ्याच आरोपींना आरोपमुक्त केलं. 'श्रीशांत सुटला' म्हणताना हे लक्षात घ्या की सुटला तो आरोपातून, बंदीतून नाही. क्रिकेट मंडळाने घातलेली आजन्म बंदी तशीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की शिस्तभंगाची कारवाई वेगळी, फक्त शिक्षा किती असावी याचा फेरविचार करा. मग ती सात वर्षांची झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. वेगवान गोलंदाजाला सदतिसाव्या वर्षी बंदी उठली काय आणि न उठली काय.

याच्याशेजारी महिला कुस्तीपटूंचं प्रकरण ठेवून बघा. तिथे खेळाडू आरोपी नव्हते, तक्रारदार होते. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाचा गुन्हा दाखल व्हावा म्हणून एप्रिल २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक यांना जंतरमंतरवर बसावं लागलं, सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २८ एप्रिलला एफआयआर झाला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे हे ललिताकुमारी निकालात २०१३ मध्येच ठरलेलं आहे. महिन्याभराने, २८ मे रोजी, संसदेकडे निघालेल्या त्याच पैलवानांना ताब्यात घेऊन दंगलीची कलमं लावली, ती मात्र त्याच दिवशी. ऑलिंपिक पदकाचं वजन समोर कोण बसलं आहे त्यावर ठरतं, एवढं यातून दिसतं.

म्हणून पक्षकार खेळाडू असेल तर मी पहिला प्रश्न विचारतो, "तुझ्या मागे कोण आहे?" मोहम्मद शमीवर पत्नीच्या तक्रारीवरून २०१८ मध्ये गुन्हा दाखल झाला, मंडळाने करार रोखला, चौकशी करून दोन आठवड्यांत परत दिला. पुढे पोलिसांतल्या नोंदीमुळे अमेरिकेचा व्हिसा अडला तेव्हा मंडळानेच पत्र लिहिलं. लालबागच्या पोरासाठी कोण पत्र लिहिणार होतं? याउलट श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलका नोव्हेंबर २०२२ मध्ये सिडनीत बलात्काराच्या आरोपावरून पकडला गेला, तेव्हा मंडळाने त्याला लगेच निलंबित केलं आणि संघ त्याच्याशिवाय मायदेशी परतला. तो अकरा दिवस कोठडीत, नंतर जवळपास वर्षभर ऑस्ट्रेलियात अडकून, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निर्दोष. संस्थेने पाठीशी उभं राहावं की हात झटकावे, यात योग्य काय ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तक्रारदार बाईच्या बाजूने बघितलं की मत बदलतं, आरोपीच्या खुर्चीशेजारी बसलं की पुन्हा बदलतं.

एक तांत्रिक गंमत जाता जाता. नामवंत आरोपीच्या बाबतीत ओळख परेड निरुपयोगी असते. साक्षीदार ओळखणारच, त्याने घटनास्थळी पाहिलं म्हणून की टीव्हीवर पाहिलं म्हणून, कसं ठरवणार?

आणि जामिनाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल. आदेश झाला म्हणजे माणूस सुटला असं नसतं. ऑर्थर रोडच्या दारात जामीन पेटी आहे, आदेश त्यात वेळेत पडला नाही की ती रात्र आत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्यन खानचीही एक रात्र अशीच वाढली. ज्याच्याकडे जामीनदार नाही त्याच्या रात्री मात्र एकेक करून महिने होतात. हजाराच्या आतल्या क्षमतेच्या त्या तुरुंगात तीन हजारांवर माणसं असतात, त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. काहींचा जामीन होऊन गेलेला असतो, फक्त सही करायला कुणी नसतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. सात दिवस. सरकारी नोकरीतल्या खेळाडूकडे असतात दोन.

त्या कबड्डीपटूच्या मंडळाचे कार्यवाह निवृत्त गिरणी कामगार आहेत. त्या प्रकरणानंतर ते माझ्याकडे आले आणि जामीनदाराला काय काय लागतं ते वहीत लिहून घेऊन गेले. आता दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी मंडळाच्या कपाटात एक फाईल तयार असते: दोन जामीनदारांची रेशनकार्डं, पगाराच्या स्लिपा, घरपट्टीच्या पावत्या, फोटो. वर माझा आणि आणखी दोन वकिलांचा नंबर. खाली मोठ्या अक्षरांत त्यांनी स्वतः लिहिलंय, 'मेडिकल आल्याशिवाय कलम लिहू देऊ नये, साहेबांना नम्रपणे विनंती करावी.' गेल्या मोसमात ती फाईल एकदा लागली. पोरगा रविवारी दुपारी आत गेला होता, सोमवारी संध्याकाळी सरावाला पटांगणात होता.